तीन आठवडे आत, तीन आठवडे उन्हात

माझे धाकटे दीर ऑफिसांना झाडं भाड्याने पुरवतात. बँकेत, वकिलाकडे, दातांच्या डॉक्टरकडे कोपऱ्यात जी एक चकचकीत कुंडी असते आणि जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ती त्यांची. वीस वर्षं त्यांचा एकच नियम: कुठलंही झाड तीन आठवडे आत, मग तीन आठवडे उन्हात. उन्हाची जागा म्हणजे त्यांच्या घराची गॅलरी. तिथे कायम चाळीस-पन्नास कुंड्या दाटीवाटीने बसलेल्या. माझी जाऊ कपडे वाळत घालायला शेजारणीकडे जाते.

दीर तसे घुमे, पण झाडांचा विषय निघाला की थांबत नाहीत. "वहिनी, पान म्हणजे चूल," एकदा मला म्हणाले. "मुळं पाणी आणतात, पान हवेतला वायू आत ओढतं, आणि ऊन म्हणजे जाळ. त्यावर झाडाची साखर शिजते. तेच त्याचं जेवण. आपण घालतो ते खत म्हणजे नुसतं तोंडीलावणं."

"मग ऑफिसातले दिवे?"

"त्या जाळावर पोटापुरतं शिजत नाही. साठवलेलं खात बसतं बिचारं. आणि गंमत म्हणजे तेव्हाच पान जास्त हिरवं होतं. रुंद, गडद. मिळेल तेवढा उजेड ओढून घ्यायला."

दातांच्या डॉक्टरकडची मुलगी दर वेळी म्हणायची, काका, हे इथे किती छान रमलंय, नेऊ नका ना. काका म्हणायचे, "पोरी, रमलेलं नाही ते, उपाशी आहे," आणि कुंडी उचलायचे.

सासूबाई आमच्याकडे असायच्या. गुडघे गेल्यापासून मागच्या खोलीत, कारण तिथून संडास जवळ. खिडकी उघडली की हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या खोलीतही दिरांनी एक कुंडी ठेवली होती आणि तीही ते नियमाने बदलायचे, दर तिसऱ्या रविवारी. सासूबाई खाटेवरून बघत बसायच्या.

"याची पाळी आली वाटतं," त्या म्हणायच्या. "मलाही टाक की टेम्पोत."

"पुढच्या खेपेला नक्की, आई. सध्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही."

अशी ती पुढची खेप दोन वर्षं चालली. सासूबाई थट्टा करत नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी बोलले असते तर जावेला वाटलं असतं, हिला म्हातारी जड झाली.

मग सासूबाईंचा चेहरा भरला. गाल वर आले, सुरकुत्या पुसल्या गेल्या. दीर खूश. "वहिनी, तुमच्या हातचं मानवलं. आईनं बाळसं धरलंय." मी मूर्ख, चार दिवस त्या कौतुकावर तरंगत होते. सासूबाई हसल्या आणि त्यांनी पाय पांघरुणात ओढून घेतले. चपला आटल्यात, असं त्या मला महिनाभर सांगत होत्या. मी म्हणत होते, चपला कधी आटतात का?

ती सूज होती. डॉक्टरांनी पोटरीवर अंगठा दाबला, तर पडलेला खळगा भरूनच येईना. हृदय थकलंय, म्हणाले, बरेच महिने झाले असणार. तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात नाही आलं? नवव्या दिवशी सासूबाई गेल्या.

पुढे बदलीचा रविवार आला तेव्हा दीर सवयीने नवी कुंडी घेऊन आले. रिकाम्या खाटेपाशी पोचेपर्यंत त्यांना आठवलंच नसावं. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेले, "आधीची अजून हिरवीगार आहे, राहू द्या." लगेच जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. ते त्या रुंद, गडद पानांकडे बघत राहिले. मग ती कुंडी मांडीवर घेऊन खाटेवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. "या खोलीतून पस्तीस कुंड्या उन्हात नेल्या, वहिनी," एवढंच म्हणत होते.

नातेवाईक म्हणाले, दिव्याखाली अंधार. मी म्हणणार नाही. त्या खोलीत रोज ताट घेऊन मीच जात होते, आणि तो चेहरा रोज मीच बघत होते.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले. गॅलरीत सकाळचं ऊन जिथे आधी उतरतं, तिथे आता एक खुर्ची आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, जाऊ म्हणाली. दीर झारीने पाणी घालत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जागा होती, वहिनी. चार कुंड्या सरकवल्या की बसते खुर्ची."