बादगिरातल्या पाकोळ्या

आयुष्यात एकच सुतारकाम मी मन लावून केलं, आणि तेच अंगाशी आलं. मनामाच्या जुन्या बाजारामागे एका म्हाताऱ्या बहारिनी घरमालकाच्या माडीवर आम्ही भाड्याने राहत होतो. खोलीच्या डोक्यावर बादगीर होता, म्हणजे वरचा वारा खाली खोलीत ओढणारा उंच चौकोनी मनोरा. ऑफिसने टाकून दिलेला एसी मी घरी आणला. गार हवा वर निघून जाऊ नये म्हणून एप्रिलमधल्या एका शुक्रवारी गच्चीवर चढलो आणि मनोऱ्याच्या सगळ्या फटींवर प्लायवूड ठोकलं. आत डोकावायचं तेवढं राहिलं.

"आता मुंगी शिरणार नाही," मी खाली येऊन बायकोला ऐटीत सांगितलं.

शनिवारी भिंतीतून खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला.

"उंदीर," मी म्हणालो.

"अवो, उंदीर असा चिरकतो काय?"

मी एसी मोठा केला. हळूच कुराणातली एक आयतही पुटपुटलो, न जाणो भलतंच काही असलं तर! बाहेर काळे पक्षी किंचाळत मनोऱ्याभोवती फिरत होते. प्लायवूडवर येऊन धडकत, परत फिरत. रविवारी आतला आवाज बारीक झाला. सोमवारी सकाळी थांबला. बायकोने स्वयंपाकही थांबवला.

तेवढ्यात अंगणातून घरमालक ओरडला. तरुणपणी मुंबईत मोत्यांचा व्यापार केलेला माणूस, हिंदीत शिव्याही छान द्यायचा. "गधे, तूने बंद किया? अंदर बच्चा है! पूरी गली में एसी आया, चिड़िया खलास. बस, तेरा और सामनेवाला बाकी था!"

हातोडी घेऊन गच्चीवर धावलो. फळी निघाली. आत कोनाड्यात पाकोळीची दोन पिल्लं होती. एक कडक झालेलं. दुसरं थंडगार, पण बोट लावल्यावर चोच उघडली. मी भाताचं शीत आणतो म्हणून ओरडलो, तर म्हातारा खालूनच गरजला, "चावल मफी, चावल नहीं! हात मत लगा. माँ-बाप खिलाएगा. तू नीचे आ, तेरा मुँह देखके कौन आएगा?"

खाली आलो. आम्ही तिघं अंगणात मान वर करून बसलो. आभाळ मोकळं होतं. सकाळपर्यंत किंचाळणारे पक्षी गेले होते. दुपार टळली. माझी मान आखडली, पण ते बोलायचं धाडस झालं नाही. तिसऱ्या प्रहरी अस्राची बांग झाली तरी काही नाही. म्हातारा नमाजला उठला, जाताना माझ्याकडे न बघता गेला.

ऊन भिंतीवरून सरकत असताना एक काळी रेघ गेली, थेट फटीत. आतून बारीक चिरकणं ऐकू आलं. मी टुणकन उठलो आणि बायकोकडे बघून हसलो.

ती हसली नाही. गल्लीपलीकडच्या गच्चीकडे बघत होती. तिथल्या बादगिरावर दोन माणसं प्लायवूड चढवत होती.

"तुम्ही नका जाऊ," ती म्हणाली. "तुमची अरबी ऐकून ते दोन खिळे जास्तच मारतील. मी जाते."