छत्तीस महिन्यांचा फुकट फोन

"मुदत किती?"

काकूंचा पहिला प्रश्न हा असायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मोबाईलच्या दुकानात काउंटरच्या पलीकडे, गळ्यात कंपनीचा निळा पट्टा आणि चेहऱ्यावर कंपनीचंच हसू घालून त्या समोरच्या मराठी माणसाला विचारायच्या, "मुदत किती?" ऐकणाऱ्याला वाटायचं, डॉक्टरांचा रिपोर्ट हिच्याकडे कसा पोचला? मग त्याच शांतपणे पुढचं वाक्य यायचं, "या देशात राहायची. तुझा परवाना किती महिने उरलाय? हा करार छत्तीस महिन्यांचा आहे."

मला हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या व्हिसाचे चौदा महिने उरले होते. हर्नडनला येऊन तीन आठवडे झाले होते आणि दुकानाच्या काचेवर माझ्याएवढ्या उंच अक्षरांत लिहिलं होतं की नवा फोन फुकट आहे. अमेरिकेत आल्याचं सार्थक झालं, असं मला त्या काचेसमोर उभं राहून वाटलं होतं. चौदा महिन्यांचा व्हिसा पर्समध्ये ठेवून छत्तीस महिन्यांच्या कागदावर सही करायला आपल्या लोकांइतकं उत्साहाने दुसरं कोणी जात नसेल. आपण इथे कायमचेच आलो आहोत, असं आपल्याला विमानातच वाटायला लागतं.

काकूंनी माझं आडनाव पासपोर्टवर वाचलं. दोन हातांवर त्यांचा मॅनेजर उभा होता. "अ वंडरफुल ऑफर, मॅम," त्या त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. आणि मग त्याच गोड आवाजात, त्याच हसऱ्या तोंडाने, चकचकीत माहितीपत्रकावरून बोट फिरवत म्हणाल्या, "घेऊ नकोस गं. फुकट काही नाही यात. फोन कुलूपबंद आहे, दुसऱ्या कंपनीची सेवा चालणार नाही त्यात. मध्येच सोडून गेलीस तर उरलेले सगळे हप्ते एकदम भरायला लावतात. बाहेरून मोकळा फोन विकत घे आणि महिन्याच्या महिन्याला पैसे भर. आता मान हलव, आणि विचार करून सांगते म्हण."

मी मान हलवली आणि विचार करून सांगते म्हणाले. मॅनेजर माझ्याकडे बघून प्रेमाने हसला. इतकं छान समजावून सांगणारी बाई आपल्या दुकानात आहे, याचा त्याला अभिमान वाटत असावा.

कुलूपबंद म्हणजे लॉक्ड आणि मोकळा म्हणजे अनलॉक्ड, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. काकूंच्या दुकानातल्या मराठीत फोन, कंपनी हे सोडले तर एकही इंग्रजी शब्द नसायचा. तुम्हाला वाटेल, परदेशात राहून भाषा जपणाऱ्यांपैकी असतील. तसं काही नव्हतं. घरी त्याही आपल्यासारख्याच 'मिल्क संपलंय' म्हणत असणार. पण अमेरिकेला येण्याआधी त्या अमरावतीला एका पतसंस्थेच्या काउंटरवर पंधरा वर्षं बसल्या होत्या. करार, मुदत, हप्ता, जामीन हे शब्द त्यांच्या तोंडात तयारच होते. इथे त्यांचा त्यांना भलताच उपयोग झाला.

"त्या मॅनेजरला मराठी येत नाही," त्या मला नंतर म्हणाल्या, "पण तुम्हा लोकांचं मराठी त्याला सगळं कळतं."

हे अगदी खरं होतं. आमच्या ऑफिसातला एक नागपूरचा मुलगा माझ्या सांगण्यावरून त्यांच्याकडे गेला. काकूंनी त्याला पदर सांभाळावा तसं सांभाळून सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तो भर दुकानात म्हणाला, "म्हणजे काकू, हे फ्री फोनवालं टोटल स्कॅमच आहे ना यार?" मॅनेजरने मान वर केली. काकूंचं हसू जराही हललं नाही. "येस सर, स्कॅन!" त्या म्हणाल्या, "यू कॅन स्कॅन द कोड हिअर." आणि त्याच्या हाताला धरून त्याच्याकडून एक कोड स्कॅन करून घेतला. त्या कोडमुळे त्याला आजही त्या कंपनीच्या रोज तीन जाहिराती येतात.

त्यानंतर काकूंनी नियमच केला. आत यायचं तर इंग्रजी शब्द दाराबाहेर ठेवायचे. ज्यांना ते जमायचं नाही त्यांनी फक्त मान हलवायची. आमच्यातल्या बहुतेकांनी मान हलवणंच पसंत केलं. पुण्यात जन्मलेल्या, मराठी माध्यमात शिकल्याचं येता-जाता सांगणाऱ्या एका गृहस्थांना 'अपग्रेड'ला शब्द सुचेना, तर ते पाच मिनिटं नुसते हातवारे करत उभे होते. काकू शेवटी म्हणाल्या, "राहू दे. जुनाच चांगला आहे तुमचा."

एका घरात राहणारी चार मुलं एकदा फॅमिली प्लॅन घ्यायला आली. चौघांची चार आडनावं, आणि ओळख दीड महिन्याची. काकूंनी चौघांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?" तिघांनी चौथ्याकडे बोट दाखवलं. "याची मुदत किती?" चौथ्याची सगळ्यांत कमी निघाली. "म्हणजे घर सोडून सगळ्यांत आधी प्रमुखच जाणार," काकू म्हणाल्या. मुलं हसत बाहेर पडली.

दुपारच्या सुट्टीत काकू दुकानाबाहेरच्या बाकावर डबा खात. माझं ऑफिस रस्त्यापलीकडेच होतं, त्यामुळे कधी कधी मीही माझा डबा घेऊन जायची. एकदा मी त्यांना डिवचलं.

"काकू, म्हणजे फक्त मराठी लोकांशी खरं बोलता. बाकीच्या जगाला टोप्या घालायच्या?"

"इंग्रजीत गोड बोलायचा मला पगार मिळतो," त्या पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "मराठीत फुकट खोटं कशाला बोलू?"

"पण हे बरोबर आहे का?"

"अगं, सगळं त्या करारात लिहिलेलं असतं. बाकीच्या जगाला इंग्रजी वाचता येतं."

"मलाही येतं की."

"तू वाचला होतास?"

मी लोणच्याची फोड तोंडात घातली.

त्याच बाकावर मला काकांबद्दल कळलं. काका इथे कुठल्यातरी मोठ्या प्रकल्पावर कंत्राटी काम करत. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते कंत्राट संपलं आणि त्यानंतर चार महिन्यांत त्यांचं हृदयाचं दुखणं सुरू झालं. आता ते घरी असत, सकाळी तीन आणि रात्री चार गोळ्या घेत, आणि काकूंचा विमा दोघांना पुरे. तो विमा दुकानाचा होता. "हा पट्टा गळ्यात आहे तोवर त्यांच्या गोळ्या चालू," काकू म्हणाल्या. हे सांगताना त्यांनी ना डोळ्याला पदर लावला, ना उसासा टाकला. मला तेव्हाच विचारायला हवं होतं की मग तुम्ही हा उद्योग कशाला करता. मी विचारलं नाही, कारण त्यांच्या उद्योगातून माझे पैसे वाचले होते.

काकूंची कीर्ती आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पसरली, ती अर्थात मीच पसरवली. मग काय, शनिवार-रविवारी दुकानात मराठी माणसांची रीघ. यायचं, मुदत सांगायची, सल्ला घ्यायचा, मान हलवायची आणि निघून जायचं. चार दिवसांनी दुसरीकडे घेतलेला मोकळा फोन घेऊन पुन्हा यायचं, कारण त्यात सिम कसं घालायचं ते काकूंना चांगलं येतं. फोनच्या काचेवर दुसरी पातळ काच चिकटवायलाही त्यांच्याकडेच, कारण आपण चिकटवली की आत बुडबुडे राहतात. काकू नखाने एकेक बुडबुडा बाहेर काढायच्या. ग्रुपवर त्यांचं कौतुक व्हायचं. एवढी गोड बाई दुसरी नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि त्यांच्या हातून एकानेही कधी काही विकत घेतलं नाही. मी तीन वेळा बुडबुडे काढून घेतले, म्हणून दुसऱ्यांना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही.

मॅनेजरही आंधळा नव्हता. दुकानात सगळ्यांत जास्त माणसं काकूंकडे येतात आणि सगळ्यांत कमी करार काकूंचेच होतात, हे त्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर रोज दिसत होतं. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी काकू बाकावर आल्या, पण त्यांनी डबा उघडला नाही.

"महिनाअखेरपर्यंत दहा करार," त्या म्हणाल्या. "नाहीतर पट्टा काढून द्यायचा. हसत सांगितलं त्याने. टीमसाठी म्हणे अवघड निर्णय असतात हे."

"किती झाले?"

"चार."

मी ग्रुपवर लिहिलं. नोकरीचं उघड लिहिलं नाही, पण कळेल असं लिहिलं. ज्यांना ग्रीन कार्ड आहे, ज्यांना तसाही फोन घ्यायचा आहे, त्यांनी या महिन्यात काकूंकडून घ्या. एकवीस जणांनी अंगठे पाठवले. दोघांनी जाऊन करार केले, हे मान्य करायला हवं. बाकीच्यांचे अंगठे तसेच राहिले.

महिन्याचे शेवटचे तीन दिवस उरले तेव्हा मी ठरवलं की आपणच जायचं. माझ्या व्हिसाचे तेव्हा नऊ महिने राहिले होते आणि मुदतवाढीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडला होता. पण एका सहीने एक करार वाढणार होता, आणि मला पहिल्यांदाच कोणासाठी तरी काहीतरी करावंसं वाटत होतं. मी काउंटरवर ओळखपत्र ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाले की मला तो फुकट फोन हवाय. मॅनेजर पुढे आला. हे गिऱ्हाईक महिनोन्महिने नुसतं मान हलवत आलं होतं, हे त्यालाही आठवत असावं.

"मुदत किती?" काकूंनी हसत विचारलं.

"नऊ."

"मग मी तुझं नाव घालणार नाही. मान हलव आणि घरी जा."

"काकू, घाला."

"माझ्यापायी तू अडकू नकोस. घरी जा म्हटलं ना."

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी कुठली भाषा बोलते याच्यावर माझा ताबा राहत नाही. मी म्हणाले, आणि बरंच मोठ्याने म्हणाले, "काकू, तुमचा जॉब जाईल, इन्शुरन्स कॅन्सल होईल! काकांच्या मेडिसिनचं काय? मॅनेजरचं टार्गेट कम्प्लीट करायचंय ना, मग मला कॉन्ट्रॅक्ट साइन करू द्या! तुम्ही सगळ्यांना डोन्ट साइन, डोन्ट साइन काय सांगत बसता!"

एक बाई हातातलं कव्हर खाली ठेवून आमच्याकडे बघायला लागली. त्या वाक्यांत मराठी होतं ते मागचं-पुढचं थोडं, बाकी सगळं मॅनेजरला मी त्याच्याच भाषेत कळवलं होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"काय सांगतात त्या सगळ्यांना?" मॅनेजरने इंग्रजीत मला विचारलं. मी खोटं बोलले. म्हटलं, ऑफर फार छान आहे असंच सांगतात, मीच गोंधळले. त्याने काकूंकडे वळून तोच प्रश्न विचारला. त्यांना काहीही सांगता आलं असतं. 'स्कॅम'चं 'स्कॅन' करणाऱ्या बाई होत्या त्या.

काकू म्हणाल्या, "शी शुड नॉट साइन. शी हॅज नाइन मन्थ्स. इट इज नॉट गुड फॉर हर." मग कव्हर ठेवून बघत उभ्या असलेल्या त्या बाईकडे मान करून त्या म्हणाल्या, "मॅम, यू ऑल्सो रीड फर्स्ट."

मॅनेजरने त्यांना आत बोलावलं. जाताना त्यांनी माझं ओळखपत्र पुसून माझ्या हातात दिलं. मी बाहेर बाकावर अर्धा तास बसले आणि मग मीटिंग होती म्हणून ऑफिसला गेले. मीटिंग होती म्हणून गेले, हे लिहायची मला लाज वाटते, पण तसंच झालं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक उंच तरुण होता. त्याने मला वंडरफुल ऑफर सांगितली.

त्यांची नोकरी माझ्या तोंडाने गेली. घरचे म्हणतात, ती जाणारच होती, सहाच करार झाले होते. असेल. पण तीन दिवस बाकी होते आणि त्या तीन दिवसांत त्या काय करू शकल्या असत्या, हे आता कोणालाच कळणार नाही.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर विचारलं, "काकूंचा नंबर आहे का कोणाकडे?" भराभर उत्तरं आली. खूप हेल्पफुल होत्या. सो सॅड. डाऊन टू अर्थ होत्या अगदी. एकाने घाबरून विचारलं, होत्या म्हणजे? खूप जणांनी हात जोडले. एकाने लिहिलं, "तिथे आता दुसरं कोणी मराठी आहे का? मला या वीकेंडला अपग्रेड करायचंय." नंबर कोणीच पाठवला नाही. त्या बसने येतात असं एक जण म्हणाला, पण कुठून, ते त्याला माहीत नव्हतं.

आमच्या निम्म्या ग्रुपच्या फोनमध्ये काकूंनी स्वतःच्या हाताने सिम घातलं होतं. त्यांचा नंबर मात्र एकाच्याही फोनमध्ये नव्हता. मीही कधी मागितला नव्हता. त्या रोज दुकानात भेटायच्याच, मग नंबर कशाला?

मी दुकानात जाऊन मॅनेजरला विचारलं. असं सांगता येत नाही, म्हणाला, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. मी त्याच्याकडे माझा नंबर लिहून ठेवलाय, त्या कधी आल्याच तर द्यायला. फोन आला की मी अजूनही आधी नंबर ओळखीचा नाही ना ते बघते, आणि नसला तर लगेच उचलते. काकांच्या गोळ्या चालू आहेत का, एवढंच विचारायचंय मला.