शेषरावांचा एकटा वेल

शेषराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांची नजर मात्र अजून ड्युटीवरच. बायकोनं, शालूबाईंनी, चहा आणला तरी आधी कपात डोकावणार, दूध कमी कसं म्हणून! अशा माणसानं उंद्रीत, भर अंगणात, पॅशन फ्रूटचा वेल चढवला.

मलकापूर स्टेशनवर एका केरळी प्रवाशानं ते पिवळं फळ दिलं होतं. शेषरावांनी घरी त्याचा आंबट गर साखरपाण्यात कालवला, प्याले आणि खुळावलेच. बिया रुजवल्या. रोपं बरीच आली. त्यातलं तरतरीत एक ठेवलं, बाकीची उपटून मागच्या उकिरड्यावर! गावात दुसऱ्याकडं हे फळ दिसायला नको. आपल्याकडं ही खोड जुनीच. मातीत सांडलं तरी चालेल, शेजाऱ्याच्या ताटात पडायला नको.

वेलानं मांडव झाकून टाकला. दुपारी कृष्णकमळासारखी फुलं उमलायची आणि दुसऱ्या दिवशी गळायची. फळ एक नाही. दोन पावसाळे असेच. शालूबाईंच्या वाळवणाला ऊन मिळेना.

"दसऱ्यापावतर फळ नाही धरलं," त्या म्हणाल्या, "त मीच इळा लावीन."

शेषरावांचा संशय शेजारच्या सिंधूताईंवर. बाई देवभोळी, फुलं तीच खुडत असणार! बाज टाकून पहारा बसला. पण यायचा तो एक काळा भुंगा. मग त्यालाच टॉवेलनं हाणू लागले.

सगळं ऐकून चिखलीच्या रोपवाटिकेवाल्यानं कपाळावर हात मारला. "मामा, भुंग्याले काऊन हाकलता? तोच त फळ धरवते. आन हा वेल एकट्यानं फळत नाही, दुसऱ्या वेलाचा पराग लागते. एक रोप घेऊन जा."

"रोप खपवाचा धंदा हाय बे तुया!" शेषराव तावातावानं परतले. भुंग्याला हाणणं मात्र गुपचूप सोडलं.

भादव्यात पानाआड अंड्याएवढं हिरवं फळ दिसलं. मग आणखी.

"पाय, खोटा निघाला ना तो!" ते शालूबाईंना सांगतात तोच भुंगा आला, पाठ पिवळी माखलेली, सिंधूताईंच्या भिंतीवरून. हा बिनतिकिटाचा कुठून चढला? शेषराव बाजेवर उभे राहिले. पलीकडं गोठ्यावर तोच वेल, फुलांनी डवरलेला.

"सिंधूताई! चोरीचा वेल हाय हा!"

"चोरीचा?" शेणाचे हात तसेच कमरेवर. "भाऊजी, तुमीच फेकलं होतं उकिरड्यावर. जितं रोप फेकाले हात कसा धजला? दोनदा बकरीनं खाल्लं, तवा कुठं यंदा फुललं. न्याचा असन त न्या उपटून!"

शालूबाई इळा घेऊनच आल्या. "सांगा, कोनता कापू?"

शेषरावांनी आपल्या फळांकडं पाहिलं. मग गोठ्याकडं. रोपवाटिकेवाल्याचं बोलणं आठवलं आणि कान तापले.

"इळा ठेव खाली," ते पुटपुटले. आणि मग भिंतीवरून, तिकीट विचारावं तशा आवाजात, "सिंधूताई, वेलाले रोज पानी टाकता का नाही? आन ते बकरी काऊन बांधली तिथं? हलवा पयले तिले!"