रामाकाकांचा रकाना

"पपा गेले," एवढंच नीला फोनवर इंग्रजीत म्हणाली, आणि नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या आमच्या लॅबमध्ये मी हातमोजे तसेच घालून उभी राहिले. तिचे पपा म्हणजे रामाकाका, माझे घरमालक. मॉरिशसचे मराठी, चौथ्या पिढीचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे परदेशात कुणाशी काय बोलावं हे मला कळत नसे. पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, गाव कुठलं तुमचं?" "मॉरिशस." "नाही... म्हणजे मूळचं?" ते हसले. "तू पण? तिकडे सरकार विचारतं, इकडे शेजारीण. आता भाडेकरूसुद्धा!"

तरुणपणी ते तिथे निवडणुकीला उभे राहिले होते. उमेदवारी अर्जावर आपला समाज लिहावा लागतो: हिंदू, मुस्लिम, चिनी की बाकीचे. काकांनी लिहिलं, 'मॉरिशियन'. अर्ज बाद झाला. "सगळ्यांना संसदेत वाटा मिळावा म्हणूनच तो रकाना होता गं, हेतू वाईट नव्हता," ते म्हणत, "पण माझ्या देशाच्या कागदावर माझा देश लिहायला जागा नाही?" पुढे नोकरीसाठी इथे आले, डच पासपोर्ट घेताना तिथला सोडावा लागला. नीलाला ही गोष्ट पाठ होती. बाप वाकला नाही, याचा तिला फार अभिमान.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पुतण्याचा, किसनचा, फोन आला. तो मॉरिशसमध्ये मराठीचा शिक्षक. यंदा निवडणुकीला उभा राहत होता. एरवी दोघं तिथल्या क्रिओल बोलीत बोलत, ते नीलाला कळतं. त्या दिवशी काका मराठीत बोलले. फोन मी स्पीकरवर धरला होता.

"किसन, हिंदू लिही."

"काका, तुम्हीच तर..."

"मीच सांगतो. मी अडून बसलो, काय बदललं? आत जा आधी."

नीलाने विचारलं, "काय म्हणाले?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "किसनला आशीर्वाद दिला."

पुढे किसन निवडून आला. रकाना अजून तसाच आहे. त्याआधी काकांच्या अंत्यविधीला नीला डचमध्ये म्हणाली, माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत माघार घेतली नाही. मी मान खाली घातली... त्यांना हरलेले म्हणू की शहाणे झालेले, मला खरंच ठरवता येत नाही.

हे सगळं इथे लिहू शकले, कारण नीलाला मराठी वाचता येत नाही. पण लेख छापून येणार हे तिला कळलंय. रविवारी काकांच्या खोलीत बसून तिला तो माझ्याकडून ऐकायचाय, एकेक वाक्य, अर्थासकट.