अठराव्या वाढदिवसाची गाडी

तुमची मुलगी, पुतणी नाहीतर धाकटी बहीण अठरा वर्षांची झाली, त्या दिवशी तुम्ही तिला कुठे नेलंत? आठवा जरा. देवळात नेलंत, की खालापूरला जमिनीचे कागद करायला?

भाविकाला तिच्या भावांनी खालापूरला नेलं होतं. वडील ती लहान असतानाच वारले, तेव्हा जमिनीला भावांबरोबर तिचंही नाव लागलं. जमीन हायवेजवळची, गिऱ्हाईक दारात उभं. पण अठरा न झालेल्या अज्ञान पोरीचा हिस्सा कोर्टाला विचारल्याशिवाय विकता येत नाही. म्हणून भाऊ थांबले. पोरगी मोठी व्हायची एवढी वाट तिच्या आईनेही पाहिली नसेल!

वाढदिवसाच्या सकाळी अंगणात गाडी आली. केकवर तिचं नाव. धाकटा भाऊ योगेंद्र म्हणाला, "आज तू पुढं बस गं. आज तुजा मान." जन्मात पहिल्यांदा ती गाडीत पुढे बसली, ओढणी खिडकीबाहेर उडवत गेली. खालापूरच्या कचेरीत भाऊ बोट ठेवेल तिथे सही केली. मग मिसळ झाली, साडी झाली. परत येताना पुढच्या सीटवर जमिनीचा एजंट बसला आणि भाविका मागे, केकच्या रिकाम्या खोक्याशेजारी.

याला हक्कसोड म्हणतात. बहिणीने आपला हिस्सा भावांसाठी राजीखुशीने सोडायचा. राजीखुशीने! कुणाची राजी आणि कुणाची खुशी, हे घरातलं एक माणूस तिला विचारत नाही. वर बजावायचं, सही नाही केलीस तर माहेर तुटेल. म्हणजे माहेर हवं असेल तर हिस्सा मोजून विकत घ्यायचं.

लग्न होऊन भाविका कर्जतजवळच्या कळंबला आली. नवरा हरेश माथेरानला हॉटेलात कामाला, आठवड्याने घरी येतो. ती गावाबाहेरच्या रिसॉर्टमध्ये चादरींना इस्त्री करते आणि इस्त्री करता करता मोबाइलला गोष्टी सांगते. ती बोलते, मोबाइल टाइप करतो. सोबतच्या बायका विचारतात, "कोनाशी भांडतेस गं येवढी?"

"माज्याच मानसांशी."

तिच्या गोष्टींत मुली मोठ्या होतात. एक मामाच्या लग्नात पाळी आली म्हणून गोठ्यात बसून बँड ऐकते. एक दहावी पास झाल्याचे पेढे वाटते आणि मागाहून तिला कळतं, पेढे साखरपुड्याचे होते. कुणी शिकवलं नाही भाविकाला लिहायला. जे अंगावरून गेलं ते तोंडातून निघालं.

या वर्षी तिने 'पुढची सीट' लिहिली. तीच गाडी, तोच केक. फक्त गोष्टीतली मुलगी शेवटी पेन खाली ठेवते आणि म्हणते, "आधी वाचीन. मग ठरवीन."

ही गोष्ट आताच लिहायला कारण होतं. थोरला भाऊ सहदेव दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी हिरू फाल्गुनात अठराची होणार होती, आणि गावाखालच्या उरलेल्या शेताला, ज्यात आता तिचा हिस्सा होता, गिऱ्हाईक आलं होतं. योगेंद्रने गाडी आधीच सांगून ठेवली होती.

कर्जतच्या एका वाचनालयात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांचं कथावाचन असतं. ते उमाताई बघतात, निवृत्त शिक्षिका. गोष्ट वाचून त्यांनी चष्मा काढला. "छानच लिहिता हो तुम्ही. पण शेवट थोडा गोड करा ना. तिने सही केली, भावाचे डोळे भरून आले, असं काहीतरी. सणाचा दिवस आहे, बायका हसत घरी जायला हव्यात."

"त्या हसतच घरी जातात ताई. घरी गेल्यावर काय व्हतं, ते लिवलंय मी."

त्या संध्याकाळी योगेंद्रचा फोन. "काय गं, आमच्यावर गोष्टी लिवतेस? हिरू येनार हाय म्हनं ऐकायला."

"तुजं नाव हाय का त्याच्यात?"

"नाव नाय, पन कळंल ना लोकांना! वाचलीस तर भाऊबीजेला दार बंद. सांगून ठेवतो."

भाविका रात्रभर तळमळली. माहेर म्हणजे काय थोडं असतं? आई अजून आहे तिथे. पण सकाळी तिला आठवलं ते केकचं खोकं. हळदीकुंकवाला तिने गोष्ट वाचली. शेवट जसाच्या तसा वाचला. मागच्या रांगेत हिरू बसली होती, ती खाली मान घालून ऐकत राहिली.

वाण वाटून झालं, बायका पांगल्या. उमाताई खुर्च्या लावत होत्या. हातातली खुर्ची तशीच धरून म्हणाल्या, "माझ्या सहीच्या दिवशी आमच्याकडे केक नव्हता. पेढे होते." मग ती खुर्ची रांगेत लावली.

कुणीतरी वाचनाचा व्हिडिओ काढून पुढे पाठवला आणि दोन दिवसांत भाविकाच्या ओट्यावर माणसं जमली. आधी आला गजा, खडी-रेतीचा धंदा करणारा. "आमची बदनामी केलीस. आमची गाडी सफेद हुती, ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"अवो, गोष्टीत गाडीचा रंगच नाय."

मग पदू आला. त्याच्या बहिणीनेही मिसळच खाल्ली होती. त्यामागून आणखी दोघे, वेगवेगळ्या गावचे. प्रत्येकाला खात्री, गोष्ट आपल्याच घरची. भाविकाने एक भाऊ लिहिला होता, आणि अख्ख्या तालुक्याला तो आरशात दिसला! एकानेही म्हटलं नाही की असं आमच्या घरात घडलं नाही. तक्रार एवढीच, की बाहेर कसं कळलं.

सासू धोंडूबाई दारात भात पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "वळीनं बसा रं बाबांनो. सगल्यांचीच गोष्ट हाय, येकानंच नका पळवू."

सगळ्यात शेवटी योगेंद्र आला. "माजीच लिवलीस ना?"

"तुज्या आधी चौघं सांगून गेलं, त्यांची हाय म्हनून. आता तुमी आपसात वाटनी करा. वाटन्या चांगल्या जमतात तुमाला."

तो पाणी न पिता उठला. "माहेर संपलं तुजं."

फाल्गुनात हिरूच्या वाढदिवसाला अंगणात गाडी आली. केक आला. योगेंद्रने स्वतः पुढचं दार उघडून धरलं. "ये गं बाय, आज तुजा मान."

हिरू ओढणी सावरत गाडीपाशी आली. आत वाकून बघितलं. मग सरळ उभी राहून विचारलं, "काका, येताना बी पुढंच बसवशील ना?"

योगेंद्र दार धरून उभा राहिला. हिरू घरात गेली, केकची सुरी घेऊन ओट्यावर आली आणि आजीला म्हणाली, "ये आजी, कापूया."

गाडी रिकामी गेली. कागद अजून बिनसहीचा आहे. हिरू म्हणते, वाचीन आणि मग ठरवीन. कदाचित सोडेलही हिस्सा, पण कळून सोडेल. भाविकाला मात्र माहेरचं दार अजून बंद आहे. ज्याने हिस्सा घेतला तो मानाने गावात हिंडतो, आणि जिने गोष्ट सांगितली ती घर मोडणारी ठरली. हा तुमचा न्याय!

म्हणून तुम्हाला सांगणं आहे, दादा, काका, मामा, जे कोण हे वाचताय त्यांना. तुमच्या घरची पोर अठराची होईल तेव्हा केक जरूर आणा. पण त्या दिवशी गाडी काढू नका. आणि कधी काढलीच, तर आधी कागद तिच्या हातात द्या, आणि तिचं वाचून होईपर्यंत गप्प बसा.