मधल्या चोराजवळचा तारा

दुर्बीण घ्यायची आहे म्हटलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडे पाहत आणि मग एकमेकांकडे. जन्म मूल गावच्या राइस मिलमध्ये गेला, शाळा चौथीपर्यंत, बायको जाऊन वर्ष भरायचं आहे, आणि म्हाताऱ्याला आता चांदण्या पाहायच्या आहेत. डोकं फिरलं असंच वाटणार. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात उत्तरेला खाटलं दिसते, पुस्तकातले सप्तर्षी. चार तारे म्हणजे म्हातारीच्या खाटेचे चार पाय. मागे ओळीनं तीन तारे आहेत, ते खाट चोरायला आलेले चोर. हे कोणालाही दिसते. पण माझी बायको म्हणायची, मधल्या चोराला खेटून अजून एक बारका तारा आहे. "चोरानं पोरगं संगं आनलं," म्हणायची. मला तो कधी दिसला नाही. मिलमध्ये कोंडा खाऊन डोळे आधीच गेलेले, पण ते मी मान्य करत नव्हतो. अंगणात खाटा टाकल्या की ती बोट दाखवायची आणि मी म्हणायचो, लबाड बोलते. पहिली काही वर्षं हसून म्हणायचो. पुढे खरंच वाटायला लागलं की ही मला खिजवते.

मागच्या उन्हाळ्यात ती आजारी होती. जेवणं झाल्यावर खाट बाहेर आणली तर तिनं परत बोट वर केलं. मी औषधांनी आणि धावपळीनं कावलेलो होतो. म्हणालो, "आता तरी खोटं बोलू नको." ती थांबली. मग म्हणाली, "बरं. नाई दिसत. झालं?" त्यानंतर तिनं वर पाहिलंच नाही. पावसाळ्याआधी गेली.

मला एवढंच पाहायचं होतं, की तो तारा आहे का नाही.

आमच्या मागच्या आळीत हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई राहतात. गच्चीवर दुर्बीण लावून आकाशाचे फोटो काढतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "आहे ना भाऊ. अरुंधती म्हणतात त्याले." मी म्हणालो, नाव असलं म्हणून वस्तू असते असं नाही, भुतालेही नाव असते. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यात होता. पण त्यांनीच सांगितलं की एकाच जागेचे शंभर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटर ते एकावर एक रचून एक करतो. शंभराचं एक करताना कोणी काय घुसवलं हे मला कसं कळणार. म्हणालो, "मले माह्या डोळ्यानं पाहाचं आहे, माह्या दुर्बिणीतून."

"तुम्ही माह्यावर इश्वास नाई ठेवत," बाई म्हणाल्या.

"मी कोणावरच नाई ठेवत. तुमी मनाले लावून घेऊ नका."

त्या हसल्या आणि बरोबर चंद्रपूरला आल्या. दुकान चष्म्याचं होतं. ताडोब्याला जाणाऱ्यांसाठी तिथे दुर्बिणीही ठेवतात. दुकानदारानं रंगीत खोकं पुढे केलं. त्यावर भोवऱ्यासारख्या आकाशगंगांची चित्रं, आणि शेकडो पट मोठं दिसते असा मोठा आकडा. मिलमध्ये पोत्यात लोखंडी परखी खुपसून तळाचा तांदूळ काढून पाहायची सवय, वरचा दाणा चांगला असतोच. मी स्टँडला बोट लावलं. बोट काढल्यावरही दुर्बीण हलतच राहिली.

"हा तर पाळणा झाला," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, खोक्यावरचा आकडा पाहू नका, पुढच्या काचेची रुंदी पाहा आणि पाय किती घट्ट आहेत ते पाहा. फोटो काढायचे असतील तर महाग काच आणि ताऱ्यामागे आपोआप फिरणारं स्टँड लागते; नुसतं डोळ्यानं पाहायला साधी काच पुरते, चमकत्या ताऱ्याला जांभळी किनार दिसेल तेवढीच. तशी ऐंशी मिलिमीटरची, आखूड नळीची एक निघाली. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, म्हणून मला ती बरी वाटली. पायरीवरून समोरच्या दुकानाची पाटी पाहिली तर अक्षरं उलटी. मी वळून म्हणालो, "भाऊ, काऊन फसवून राह्यला?" त्यानं सांगितलं की मागे तिरका आरसा आहे, आरशात उलटंच दिसते. बाईंनी मान हलवली तेव्हा मी ती घेतली.

घरी आल्यावर मी जे केलं ते मिलमधला कोणीही करेल. नवं मशीन आलं की आम्ही ते चालू करत नाही. आधी खोलतो. कारखानदार आत काय भरून देतो ते पाहतो, पुसतो, मग बसवतो. मी पुढची कडी फिरवून काढली. आत एकाला एक लागून दोन भिंगं. त्यांच्या मधे, कडेला, सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीसारखे तीन बारके तुकडे. पॅकिंगचा कचरा म्हणून फेकले. भिंगं धोतराच्या जाड सुती कपड्यानं पुसली, परत बसवली, कडी आवळली. समाधान वाटलं.

संध्याकाळी खाटलं वर आल्यावर लावून पाहिलं. मधला चोर म्हणजे भिजलेल्या पिठाचा गोळा. कितीही मागे-पुढे केलं तरी पसरटच. बारका तारा नाही. कोणताच नाही.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. आधी बरं वाटलं. म्हटलं, मी खरा होतो. मग ती खाटेवर थांबून "बरं" म्हणाली होती ते आठवलं आणि बरं वाटणं गेलं. राग दुकानदारावर काढायचं ठरवलं. सकाळीच बाईंच्या दारात नळी घेऊन उभा राहिलो. "माल खराब निघाला. तुमाले दाखवून घेतला, तुमीच वापस करून द्या."

बाईंनी पुढच्या काचेत टॉर्च मारली. नळी फिरवून फिरवून आत पाहिलं.

"भाऊ, हे खोललं होतं का?"

"नाई."

"आतल्या बाजूले अंगठा उमटला आहे."

"दुकानदाराचा असन."

"दुकानदार तंबाखू-चुना मळत नाई," बाई म्हणाल्या. "अंगठ्याले चुना आहे."

मी खाली बसलो. म्हणालो, खोललं. त्या रागावल्या नाहीत. कडी काढली, एक भिंग उलटं बसलं होतं ते दाखवलं, ते तुकडे कचरा नव्हते, दोन काचांमधलं अंतर धरायला होते तेही सांगितलं. मग चांदीच्या चिकटपट्टीचे तीन तुकडे कापून कडेला लावले, काच मऊ कापडानं पुसली. त्यांना अर्धा दिवस लागला. मी चहा करून नेला, एवढंच माझ्याच्यानं झालं.

संध्याकाळी गच्चीवर बाईंनीच मधला चोर धरला आणि मला म्हणाल्या, या.

सुईनं टोचल्यासारखा तारा. त्याच्या बाजूला दुसरा, बारका, स्वच्छ. मी डोळा काढला, परत लावला. होता. आणि चोर स्वतः एक नव्हता, दोन होते, अगदी चिकटून. मी पाहत असतानाच ते सारे कडेला सरकायला लागले.

"स्टँड घसरते," मी म्हणालो.

"स्टँड नाई, भाऊ. पृथ्वी फिरून राह्यली." त्यांनी नळी जरा ढकलली आणि तारे मधे आणले. असं चार-पाच वेळा केलं. मी हटलो नाही.

"दिसलं का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना खाटेचं सगळं सांगितलं. बायको काय म्हणायची, मी काय म्हणालो, आणि शेवटी तिनं "नाई दिसत" म्हटलं ते. मग म्हणालो, "आखरीले तिनं तेवढं एकच खोटं सांगतलं. तेही मी सांगाले लावलं."

"मग आता?"

"आता काय. चुकलो म्हनाचं होतं, तर ते आयकणारी नाई."

बाईंनी नळी परत थोडी ढकलली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो आणि डोळा लावला.