निमोण्यात वाचून दाखवलेला चिनी सिनेमा

संदीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात एक लग्नपत्रिका जुळवत होते. कंपनीच्या बसमध्येच त्याच्या छातीत दुखायला लागलं, शिरूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी मुहूर्त पुन्हा तपासला, प्रिंट दिली, शटर ओढलं आणि त्याच्या गावाची, निमोण्याची वाट धरली. वाटभर एकच धास्ती... त्याचा लॅपटॉप कुणी उघडायला नको. पोचल्यावर तो आधी माझ्या पिशवीत टाकला.

संदीप माझा मावसभाऊ. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चिनी इंजिनिअरांचा दुभाषा. चिनी साहेब भडकला की हा कामगारांना सांगायचा, "साहेब म्हणतात, जरा जपून." निम्मी भांडणं त्यानं अशी परस्पर मिटवली. तिथल्याच एका इंजिनिअरनं त्याला पेनड्राइव्हवर सिनेमे दिले. थोडक्या पैशांत काढलेले, तिकडच्या थिएटरांत कधी न लागलेले, लोकांनी घराघरांत दारं लावून पाहिलेले. पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांचे. सणाला गावी आलेला मुलगा, आईनं बघून ठेवलेली मुलगी, आणि जेवताना कुणीच न काढलेला विषय. तो म्हणायचा, "ताई, ही सगळी निमोण्याचीच माणसं हायत. फकस्त काड्यांनी जेवत्यात."

त्यातल्या एका सिनेमाला तो मराठी सबटायटल करायला लागला. रविवारी दुकानात येऊन एकेक वाक्य मोठ्यानं बोलायचा, मी टाइप करायची. तोंडात बसलं तरच ठेवायचं, हा त्याचा नियम. 'समलिंगी' त्यानं मला खोडायला लावलं. "आईला औषधाचं नाव वाटंल." हे कुणासाठी चाललंय आणि का, ते मला तेव्हा कळलं. मी एवढंच विचारलं, "अरे, पण मावशीला वाचता कुठं येतं?"

इतके रविवार ऱ्हस्व-दीर्घावरून भांडलो, पण हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तो हसत सुटला. "मी बसंन की शेजारी वाचायला. दुभाषाच हाय मी."

"म्हणजे अवघड वाक्य कंपनीतल्यासारखं मऊ करशील."

"न्हाई ताई. हितं न्हाई."

महिना उलटल्यावर मावशीनंच मला बोलावून घेतलं. "दिवाळीला शिनेमा दावतो म्हनला व्हता माज्यासाठी केलेला. आता तू दाव." मी लॅपटॉप बिघडल्याचं सांगून पाहिलं. "मग पिशवीत काय हाय?" म्हणाली.

बाहेर अंगणात बाळू, संदीपचा थोरला भाऊ, पाइप लावून ट्रॅक्टर धूत होता. मी हळू आवाजात वाचायला लागले. "मोठ्यानं वाच गं, ऐकू येत न्हाई." एक वाक्य आलं की मी सिनेमा थांबवायची, वाचायची, पुढं न्यायची. ते अवघड वाक्य जवळ यायला लागलं. 'दोस्त' म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोण पडताळणार होतं? पण संदीपनं या एका जागी मऊ करायचं नाही म्हटलं होतं. मी ओरडूनच वाचलं, "आई, मला लग्न नाही करायचं. मला ह्याच्याबरोबर राहायचंय. नवरा-बायको राहतात तसं."

बाहेर पाण्याचा आवाज थांबला.

"मग त्याची आई काय म्हनली?" मावशीनं विचारलं.

"काही नाही. जेवायला त्याच्यासाठी आणखी एक वाटी मांडली."

मावशी पडद्यावरच्या त्या वाटीकडं बघत राहिली... "आपल्या संदीपचं हाय का आसं कोन?"

"मला माहीत नाही मावशी."

"आसंल, तर तो गेल्याचं त्याला कुनी कळवलं आसंल का?"

हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. संदीपचा फोन पहिल्याच दिवशी बंद करून कपाटात टाकला होता. मावशीनं तो काढायला लावला, चार्जिंगला लावला. म्हणाली, "पेपरात बी दे. कोन आसंल तर वाचंल." म्हणून हे लिहिलं.

फोन आता तिच्या उशाशी असतो. पडद्यावरचं नाव तिला वाचता येत नाही, पण वाजला की उचलते. अजून तरी कंपन्यांच्या जाहिरातीच आल्यात. बाळू त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही. परवा फोनचं रिचार्ज संपलं म्हणून मी मारायला गेले, तर ते आधीच मारलेलं होतं. मावशीला विचारलं, कुणी मारलं? तिनं अंगणाकडं बोट दाखवलं.